‘पुढे काय करावे?’ : एका प्रश्नाची हकीकत

गेल्या कोजागिरीची गोष्ट. मंडळाच्या गच्चीवर दूध आटत ठेवले होते, गाण्याच्या भेंड्या संपत आल्या होत्या, आणि आम्ही चारपाच जणी कठड्याशी बसून गप्पा मारीत होतो. इतक्यात आमच्याच आळीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. ह्याच उन्हाळ्यात ती पदवी परीक्षा पास झाली आहे. गुणही चांगले आहेत. मी सहज विचारले, “काय ग, आता पुढे काय?” तशी ती म्हणाली, “काकू, सगळे हेच विचारतात, आणि मला खरंच काही कळत नाही. बाबा म्हणतात स्पर्धापरीक्षा दे, आई म्हणते स्थळ चांगलं आलंय, मैत्रिणी नोकरीसाठी पुण्याला निघाल्या. मी आयुष्याचं काय करावं हेच मला समजत नाही.”

वडीलकीच्या नात्याने मी लागलीच उत्तर देऊन मोकळी झाले, “बी. एड. कर. मास्तरकी बायकांना बरी पडते.” तिने मान हलविली खरी, पण तिचा चेहरा उतरलेला चांदण्यातही दिसला. पुढे दुधाची भांडी आली आणि तो विषय तेथेच राहिला.

घरी आल्यावर मला मात्र झोप येईना. मी तिला दिलेले उत्तर मुळी तिच्यासाठी नव्हतेच. पस्तीस वर्षांपूर्वी कोणीतरी मला दिलेले उत्तर मी तसेच पुढे सरकविले होते. शिवाय खरे सांगावयाचे तर दुसरेही एक कारण होते. मुले आपापल्या मार्गाला लागली, ह्यांची सेवानिवृत्ती झाली, आणि अलीकडे दुपारची कामे उरकून जरा टेकले की तोच प्रश्न माझ्याही पुढे येऊन बसतो. तेवीस वर्षांच्या मुलीचा आणि साठीकडे झुकलेल्या बाईचा प्रश्न एकच असावा, ह्याचे मला नवल वाटले आणि थोडी लाजही वाटली.

चिटणीसबाईंनी वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी हाच विषय घेतला. उपदेश करण्याचा अधिकार माझा नाही. तेव्हा आपल्या आधीच्या स्त्रियांपुढे हा प्रश्न केव्हा आला, कसा आला आणि त्यांनी त्याचे काय केले, एवढेच आठवून पाहावे असे ठरविले.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, की ‘मी पुढे काय करावे?’ हा प्रश्न स्त्रीच्या बाबतीत फार जुना नाही. आपल्या पणजीला तो कोणी विचारला नाही आणि तिनेही तो स्वतःला विचारला नसावा. आठनऊ वर्षांची झाली की लग्न, मग सासर, मग मुलेबाळे, आणि पुढे सुनांवर देखरेख. वाट आधीच आखलेली होती. शेतात, बाजारात, पुढे गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना घराबाहेरचे काम होते, पण निवड त्यांनाही नव्हती. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई फुले तेथे शिकवू लागल्या, तेव्हा मुलींच्या हाती अक्षर आले. पण अक्षर आल्याबरोबर वाट निवडण्याची मुभा आली असे नाही. त्याला आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली.

मग हा प्रश्न पहिल्याने कोणी विचारला? इतिहास चाळताना जे उत्तर मिळते त्याने मन गलबलून येते. ज्यांची वाट चांगली चालली होती त्यांनी तो विचारलाच नाही. ज्यांची वाट मधेच बंद झाली, त्यांच्यावर तो येऊन आदळला. विधवा झालेल्या, टाकलेल्या, नांदावयास नकार दिलेल्या स्त्रियांपुढे आखलेली वाट उरली नव्हती. केस काढलेली पंधरा वर्षांची मुलगी माजघराच्या अंधारात बसून पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करीत असेल, तेव्हा ‘पुढे काय?’ ह्या दोन शब्दांचे वजन किती असेल त्याची कल्पना आपल्याला यावयाची नाही. ह्या स्त्रियांनी आपल्यापुरते जे उत्तर शोधले, त्याच वाटेने आज आपल्या मुली शाळाकॉलेजांत जात आहेत.

कोकणातल्या देवरुखच्या जोशी घराण्यातल्या दोन बहिणींचे उदाहरण मला फार बोलके वाटते. थोरली गोदूबाई, धाकटी पार्वतीबाई. गोदूबाईंना बालपणीच वैधव्य आले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी त्या होत्या. चार वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सर्व महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला. ह्या लग्नापायी कर्व्यांवर त्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला. आज आपण सहज ‘त्यांनी पुनर्विवाह केला’ असे म्हणून पुढे जातो. त्या वेळी गावाला, नातलगांना आणि पंगतीला मुकण्याची ती तयारी होती.

धाकट्या पार्वतीबाई आठवले. त्यांचा जन्म १८७० चा. विसाव्या वर्षाच्या सुमारास पती वारले. पदरात एक मुलगा. थोरल्या बहिणीने पुनर्विवाहाचा मार्ग दाखविला होता, घरातच त्याचे उदाहरण होते. तरी पार्वतीबाईंनी तो मार्ग घेतला नाही. त्या पुण्याला बहिणीकडे आल्या आणि पंचविशी उलटल्यावर शिकावयास बसल्या. ज्या वयात बायका मुलांचा अभ्यास घेतात त्या वयात स्वतः पाटी हाती धरावयाची, हे सोपे नव्हते. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. पार्वतीबाई आश्रमाच्या कामात शिरल्या त्या कायमच्या. प्रथम स्वयंपाकघर आणि मुलींची देखरेख, मग शिकविणे, मग आश्रमासाठी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करणे, असे काम वाढत गेले. माजघराबाहेर ज्यांचा आवाज कधी गेला नव्हता, त्या चारचौघांपुढे उभ्या राहून बोलू लागल्या. कित्येक वर्षे त्यांनी डोक्यावरचे केस काढण्याची रीत पाळली, आणि १९१२ च्या सुमारास पूर्ण विचारानिशी ती सोडली.

पण त्यांच्या चरित्रातला मला सर्वांत आवडणारा भाग पुढेच आहे. काम वाढले तसे इंग्रजीवाचून अडू लागले. हिंगण्याला राहून ती भाषा शिकावी म्हटले तर आश्रमाचे काम उसंत देईना. तेव्हा १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ह्या बाई इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला निघून गेल्या! गाठीला पैसा नव्हता. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले, भाषा शिकल्या, आश्रमासाठी मदतही मिळविली आणि १९२० साली परत आल्या. ‘माझी कहाणी’ ह्या नावाने त्यांनी आपली हकीकत लिहून ठेवली आहे; आपल्या वाचनालयात ती आणवावी अशी माझी सूचना आहे.

एका आईबापांच्या ह्या दोन लेकी. दोघींवर संकटही एकच कोसळले. एकीने पुन्हा संसार मांडला, दुसरीने आश्रम हाच संसार मानला. ह्यांत बरोबर कोण आणि चूक कोण असा निवाडा करण्याचे कारणच नाही. एकाच प्रश्नाला एका घरात दोन उत्तरे येऊ शकतात आणि दोन्ही खरी असू शकतात, एवढे त्या दोघींकडून शिकावे.

आता दुसऱ्या एका घरात जाऊ. ज्यांच्या घरी मान, पैसा, विद्या ह्यांची ददात नव्हती, त्या रमाबाई रानडे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ही मुलगी अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांची पत्नी झाली. माधवरावांनी तिला शिकविण्यास आरंभ केला आणि घरातल्या वडील बायकांचा रोष ओढवला. दिवाणखान्यात पतीचा आग्रह की शिकलेच पाहिजे, आणि स्वयंपाकघरात टोमणे की शिकणे शोभत नाही. मुलींच्या हायस्कुलासाठी पुण्यात खटपट चालली होती तेव्हा रमाबाईंनी गव्हर्नरांपुढे इंग्रजीत निवेदन वाचून दाखविले. सभेत कौतुक झाले. घरी आल्यावर वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खावी लागली. दोन्ही घरे सांभाळीत, कोणालाही उलटून न बोलता त्या शिकत राहिल्या.

तथापि रमाबाईंच्या आयुष्यातला कसोटीचा काळ तो नव्हे. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव वारले. त्या वेळी रमाबाई चाळिशीच्या अलीकडे होत्या. मूलबाळ नव्हते. अठ्ठावीस वर्षे ज्या माणसाच्या इच्छेला आपली इच्छा मानले, तो माणूसच गेला. त्या पुण्याच्या वाड्यात येऊन राहिल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. इतकी शिकलेली, सभांतून बोललेली बाई. पण आता स्वतःसाठी काय करावयाचे, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

हे वर्ष चरित्रकार दोन ओळींत उरकतात. मला मात्र तेच महत्त्वाचे वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला ते रिकामे दिसले असेल. कोणी ‘आता बाहेर पडा, मन रमवा’ असेही सांगितले असेल. पण माती नांगरल्यावर काही दिवस उन्हात तापू द्यावी लागते, हे शेतकरी जाणतो. माणसाच्या बाबतीत आपण विसरतो. वर्षानंतर त्या जेव्हा बाहेर पडल्या तेव्हा त्यांनी मोठी योजना आखली नाही. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्रीकैद्यांना त्या भेटू लागल्या. इस्पितळात जाऊन रुग्णांची विचारपूस करू लागल्या, फळे-फुले नेऊ लागल्या. समोर दिसले ते काम हाती घेतले, इतकेच. १९०४ मध्ये मुंबईला भारत महिला परिषद भरली तिच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. आणि १९०९ साली, माधवरावांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, त्यांच्या पुण्याच्या घरात सेवासदनाचे काम सुरू झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते.

सेवासदनात बायका लिहिणे, शिवणे शिकल्या, शिक्षिका झाल्या. पण विशेष सांगण्यासारखे म्हणजे परिचारिकांचे शिक्षण. परक्याची शुश्रूषा करणे, मलमूत्र काढणे हे काम त्या काळी प्रतिष्ठित घरांतून हलके मानले जाई. ते शिकण्यासाठी चांगल्या घरच्या विधवा मुलींना इस्पितळात धाडावयाचे म्हणजे आईबापांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. रमाबाईंनी त्या केल्या. त्यांचे चित्त ह्या कामाकडे वळावे ह्यात मला त्या इस्पितळातल्या भेटींचा वाटा दिसतो. फळे घेऊन जाणारी बाई खाटेजवळ बसते, आणि बसल्यावर तिला दिसते की येथे फळांपेक्षा शिकलेल्या हातांची गरज आहे. घरी बसून विचार करणाऱ्याला हे सुचले नसते. १९१० साली त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाले. १९२४ मध्ये त्या वारल्या, आणि जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६२ मध्ये, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

सर्वांनाच अशी शांत वाट लाभत नाही. डॉक्टर रखमाबाईंना उत्तर भर कोर्टात द्यावे लागले. त्यांचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी ह्यांच्याशी लग्न झाले, पण त्या आईच्या आणि सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांच्या घरीच राहिल्या. शाळा नव्हती, तेव्हा मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तके आणून घरी वाचीत. १८८४ साली दादाजींनी नांदावयास येण्यासाठी दावा लावला. पहिला निकाल १८८५ मध्ये रखमाबाईंसारखा झाला. अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टाने हुकूम केला की पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. हिंदुस्थानात आणि विलायतेत ह्या खटल्याचा गवगवा झाला. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला.

येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ह्या चार वर्षांत रखमाबाईंना काय नको हे पक्के ठाऊक होते, आणि त्यांचे बळ ते नाकारण्यातच खर्ची पडले. आपल्याला काय नको हे कळणे, हेही उत्तराचे अर्धे अंग आहे. उरलेले अर्धे पुढे आले. मुंबईच्या कामा इस्पितळातल्या डॉक्टर ईडिथ पीची ह्यांनी त्यांना उत्तेजन दिले. १८८९ मध्ये रखमाबाई विलायतेला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. मग सुरतेला आणि पुढे राजकोटला मिळून पस्तीस वर्षांच्या आसपास त्यांनी बायकांची आणि बाळंतिणींची सेवा केली. १९५५ साली, नव्वदी ओलांडून, त्या वारल्या. खटल्याची चार वर्षे सर्वांना ठाऊक असतात. माझ्या मते त्यांचे आयुष्य त्या पस्तीस वर्षांत आहे.

डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांचे नाव येथे न घेऊन कसे चालेल? चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी हा निश्चय त्यांच्या मनात त्या दुःखातून रुजला. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्याला वारल्या. इतक्या लवकर, इतका स्पष्ट निश्चय झालेले असे विरळाच. पण त्यांच्या तेजाने आपले डोळे इतके दिपतात, की चौदाव्या वर्षी ध्येय सापडले नाही तर आपल्यातच काही उणे आहे, असे मुलींना वाटू लागते. तसे मुळीच नाही. आनंदीबाईंना निश्चय लाभला, पण वेळ लाभला नाही. आपल्यापैकी बहुतेकींना वेळ लाभतो. निश्चय मात्र वेचून वेचून जमवावा लागतो.

असे वेचून जमविणाऱ्या दोघी म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाई राजकोटला अध्यापिकांच्या विद्यालयात मुख्याध्यापिका होत्या. पगार चांगला, मान मोठा. पण भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांच्या शिक्षणाचे नवे प्रयोग करीत होते, त्यांचे आकर्षण वाटून १९२३ साली ताराबाईंनी ती जागा सोडली आणि तेथे जाऊन शिकू लागल्या. १९२६ मध्ये गिजुभाईंसह त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. दहा वर्षांनी दादरला शिशुविहार उभे राहिले. तेथेच त्या स्वस्थ राहिल्या असत्या तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण ही शाळा शहरातल्या सुखवस्तू मुलांची झाली, गरिबांच्या मुलांचे काय, हा विचार त्यांना गप्प बसू देईना. १९४५ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या.

तेथे त्यांना साथ मिळाली ती अनुताईंची. अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि लागलीच वैधव्य. त्यांनी शिक्षण पुरे केले, चांदवडला आणि नंतर पुण्याला शाळेत शिकविले, रात्रीच्या शाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. नोकरी चांगली होती, पोटापाण्याची चिंता नव्हती. पस्तिसाव्या वर्षी, ग्रामसेविकांसाठी भरलेल्या बोरिवलीच्या शिबिरात त्यांची आणि ताराबाईंची गाठ पडली आणि त्या बोर्डीला निघून गेल्या.

बोर्डीची पहिली हकीकत फार शिकण्यासारखी आहे. बालवाडी काढली, पण गरीब वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेले, कोणी नुसतेच उघडे हिंडणारे. तेव्हा ह्या दोघींनी ठरविले की मुले शाळेत येत नाहीत तर शाळेनेच मुलांकडे जावे. वस्तीतल्या अंगणात त्या जाऊन बसल्या. आधी नाकडोळे पुसावयाचे, नखे काढावयाची, अंघोळ घालावयाची, मग गाणी आणि खेळ. महागडी साधने कोठून आणावयाची? तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने, माती हीच साधने. अंगणात भरते म्हणून ‘अंगणवाडी’. १९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. तेथली मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. अनुताई बी. ए. झाल्या त्याही पन्नाशी गाठल्यावर. १९७५ साली केंद्र सरकारने बालविकासाची मोठी योजना सुरू केली तेव्हा ‘अंगणवाडी’ हेच नाव देशभर गेले. आज आपल्या आळीच्या टोकाला जी अंगणवाडी भरते, तिचे नाव असे बोर्डीच्या अंगणातून आले आहे. ताराबाई १९७३ मध्ये आणि अनुताई १९९२ मध्ये वारल्या.

एक उदाहरण अगदी आपल्या चुलीजवळचे देते. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. पहाटे उठून पंधरावीस माणसांचा स्वयंपाक रांधावयाचा, वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज भरावयाचे, आणि वर ‘बाई काय करतात?’ असे कोणी विचारले तर ‘काही नाही, घरीच असते’ असे सांगावयाचे! गोव्याच्या मुक्तिलढ्यात आणि कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ मध्ये ह्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. ह्या बायकांनी नवे काम शोधले नाही. जे करीत होत्या त्यालाच काम म्हणावयास त्या शिकल्या. ‘पुढे काय?’ ह्याचे उत्तर कधी कधी आपल्या ओट्यावरच असते.

ही सर्व चरित्रे एकत्र ठेवून पाहिली म्हणजे दोनतीन गोष्टी दिसतात. पहिली, ह्यांपैकी बहुतेकींना जीवनकार्य आधी दिसले आणि मग त्या कामाला लागल्या, असे झालेले नाही. जवळचे, हाताला येईल ते काम त्यांनी घेतले. त्या कामाने त्यांना पुढचे काम दाखविले. स्वयंपाकघरापासून अमेरिका, तुरुंगाच्या भेटीपासून सेवासदन, नखे काढण्यापासून अंगणवाडी, असा हा क्रम आहे. दुसरी गोष्ट वयाची. पार्वतीबाई अठ्ठेचाळीस, रमाबाई सत्तेचाळीस, ताराबाई त्रेपन्न. अण्णासाहेब कर्व्यांनीसुद्धा महिला विद्यापीठ काढले ते १९१६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी. तेव्हा ‘आता माझे काय राहिले आहे’ असे म्हणण्याची घाई आपण प्रौढांनी करू नये, आणि ‘वर्ष फुकट गेले’ असे मुलींना म्हणण्याची तर मुळीच करू नये.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ह्यांपैकी एकीलाही उत्तर एकटीने सापडलेले नाही. प्रत्येकीच्या गोष्टीत कोणीतरी एक दार उघडून ठेवले होते. गोदूबाईंसाठी शारदासदन होते, पार्वतीबाईंसाठी बहिणीचे घर, रखमाबाईंसाठी ग्रंथालयातली पुस्तके आणि एक डॉक्टरीण, अनुताईंसाठी एक शिबीर आणि त्यात भेटलेल्या ताराबाई. दार उघडणाऱ्यांनी ‘तू हेच कर’ असा हुकूम केला नाही. ये, बस, शिक, काम कर, आणि मग पाहा, एवढेच म्हटले. ज्यांच्यासाठी असे दार उघडले नाही अशा किती गोदूबाई आणि किती अनुताई माजघरात विझून गेल्या असतील, त्यांची नोंद कोठल्याच इतिहासात नाही. तीही आठवण ठेवावयास हवी.

आणि येथेच मंडळाचा संबंध येतो. आपण वर्षभर हळदीकुंकू करतो, सहली काढतो, पाककृतींच्या स्पर्धा भरवितो. ते सर्व हवेच. पण आपल्या आळीतल्या एखाद्या मुलीने, किंवा एखाद्या सासूने, ‘मला काय करावे कळत नाही’ असे म्हटले तर तिला येऊन बसण्याजोगी जागा आपल्याकडे आहे का? की आपण सर्व जणी माझ्यासारखे, दूध उतू जाण्याच्या आत, उत्तर देऊन मोकळ्या होतो?

दिवाळीनंतर मी त्या मुलीच्या घरी गेले आणि तिला म्हटले, “ते बी. एड. चं मी उगीच बोलून गेले, मनावर घेऊ नकोस. मंडळाचं पुस्तकांचं कपाट वर्षभर कुलुपात आहे. बुधवारी दुपारी येऊन उघडशील का?” ती हसली आणि “येते काकू” म्हणाली. आता ती दर बुधवारी येते. पुस्तकांची यादी तिने नव्याने केली, वाळवी लागलेली पुस्तके वेगळी काढली. पहिल्या महिन्यातच दोन लहान मुले गणिते अडली म्हणून तिच्याकडे येऊ लागली. आता सातआठ येतात. हे तिचे जीवनकार्य आहे का? मला ठाऊक नाही, तिलाही ठाऊक नाही. तिच्या आईला मी विनंती केली आहे की एक वर्ष तिला काही विचारू नका. त्यांनी “बघू” म्हटले आहे.

आणि माझे म्हणाल तर मी मोडी लिपी शिकावयास आरंभ केला आहे. माझ्या आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत मोडी कागदांची दोन बासने आहेत, ती कोणालाच वाचता येत नाहीत. त्यांत काय निघेल कोण जाणे. कदाचित नुसते धान्याचे हिशेब असतील. परवा ‘क’ आणि ‘फ’ मधला फरक कळता कळेना, तेव्हा त्याच मुलीने येऊन डोके चालविले. कपाट बुधवारी दुपारी तीन ते पाच उघडे असते. ज्यांना दुपारी काय करावे असा प्रश्न पडत असेल त्यांनी अवश्य यावे.